पाण्यातून कातडीत शिरणारा जंत: सोलापूरकरांकडून वारंवार येणारे प्रश्न

आपल्या जिल्ह्यात साखर कारखाने उदंड, त्यामुळे पॅनमन (रस आटवून साखर पाडणारे), फिटर, केमिस्ट अशी कसबी माणसंही उदंड. त्यातली काही जण चार पैसे जास्त मिळतात म्हणून केनिया, युगांडा, टांझानिया, मलावीतल्या कारखान्यांची वाट धरतात. फौजेतले काही जण शांतिसेनेबरोबर काँगो, दक्षिण सुदानला जाऊन येतात. त्यांचे, आणि त्यांच्याहून जास्त त्यांच्या घरच्यांचे, जे प्रश्न माझ्याकडे पुन्हा पुन्हा येतात ते इथे एकत्र केलेत. मी लॅबमध्ये मायक्रोस्कोपपाशी बसणारी बाई आहे. तपासणीचं खात्रीने सांगेन. गोळी किती आणि कधी, ते तुमचे डॉक्टरच ठरवणार.

१. हा नक्की कुठला रोग? नावसुद्धा धड उच्चारता येत नाही.

शिस्टोसोमियासिस. जमत नसेल तर बिल्हार्झिया म्हणा, जुने डॉक्टर तेच म्हणतात. थिओडोर बिल्हार्झ या जर्मन डॉक्टरांना १८५१ मध्ये कैरोत शवविच्छेदन करताना हे जंत सापडले, त्यावरून ते नाव.

जंत म्हटलं की आपल्याला पोटातले जंत आठवतात. हे आतड्याच्या पोकळीत राहत नाहीत, रक्तात राहतात. आतड्याभोवतीच्या किंवा मूत्राशयाभोवतीच्या शिरांमध्ये. लांबी एक-दोन सेंटिमीटर, जाडी शिवणाच्या दोऱ्याएवढी. नराच्या अंगाला लांबट खाच असते आणि मादी त्या खाचेत बसून संसार करते. हा जोडा सरासरी तीन ते पाच वर्षं जगतो, पण काही माणसांत तीस वर्षांपर्यंत टिकल्याच्या नोंदी आहेत. खरा त्रास जंताचा नसतो, अंड्यांचा असतो. निम्मी-अर्धी अंडी लघवी-शौचातून बाहेर पडतात, उरलेली मूत्राशयाच्या भिंतीत, आतड्यात, यकृतात अडकतात आणि तिथे सूज धरते.

माणसात प्रामुख्याने तीन जाती आढळतात. हिमॅटोबियम मूत्राशय धरतो, मॅन्सोनाय आतडं आणि यकृत, आणि जपोनिकम हा चीन-फिलिपिन्सकडचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने २०२१ मध्ये किमान २५ कोटी १४ लाख लोकांना यावरच्या, साथीच्या भागात सरसकट वाटल्या जाणाऱ्या गोळीची गरज होती. त्यातले दहापैकी नऊ आफ्रिकेत.

२. आमचे हे तिकडे पाणी उकळून, गाळून पितात. मग भीती कशाची?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हा, आणि गैरसमजही इथेच आहे. हा जंत मुख्यतः तोंडावाटे येत नाही. तो कातडीतून शिरतो, आणि त्याला जखम लागत नाही. धडधाकट कातडी पुरते.

त्याचा फेरा असा. रुग्णाच्या लघवी-शौचातली अंडी गोड्या पाण्यात गेली की फुटतात. आतून निघालेली अळी पाण्यातली ठरावीक जातीची गोगलगाय शोधते आणि तिच्या अंगात शिरते. चार-सहा आठवड्यांनी त्याच गोगलगायीतून शेपटीवाल्या अळ्या बाहेर पडू लागतात. आत गेली होती एक, बाहेर पडतात हजारो. त्या उघड्या डोळ्यांना दिसत नाहीत म्हटलं तरी चालेल. बहुतेक करून ऊन चढल्यावर, दुपारच्या सुमाराला सुटतात, पाण्यात एक-दोन दिवस तग धरतात, आणि माणसाची कातडी मिळाली की काही मिनिटांत शेपूट टाकून आत. तिथून रक्ताबरोबर फुप्फुस, मग यकृत, आणि शेवटी आपापल्या शिरेत बिऱ्हाड.

म्हणून पिण्याचं पाणी उकळणं चांगलंच, न उकळलेल्या पाण्यातून ओठांच्या आणि तोंडाच्या आतल्या कातडीतूनही अळी शिरू शकते. पण उकळलेलं पाणी पिऊन संध्याकाळी कालव्यात पाय सोडून बसलात, तर उपयोग शून्य.

३. पोरगं रोज विहिरीत डुंबायलंय. उजनी, हिप्परगा, सीना, इथल्या पाण्यातनं होतंय का हे?

नाही. या रोगाला आफ्रिकेत बुलिनस आणि बायोम्फलॅरिया जातीच्या गोगलगायी लागतात, त्या आपल्याकडच्या पाण्यात नाहीत. गोगलगाय नाही तर फेरा पुढे सरकत नाही. एकादशीला चंद्रभागेत बुडी मारणाऱ्यांनीही या रोगाची चिंता करू नये. तिथे जुलाब आणि कावीळ या चिंता आधीच्या आहेत.

विहिरीचं म्हणाल तर मला भीती जंताची वाटत नाही. मे महिन्यात पाठीला डबा बांधून पोहायला शिकणारी पोरं बघितली की डब्याच्या दोरीकडेच माझं लक्ष जातं. तेवढी दोरी रोज तपासा.

४. पण महाराष्ट्रातल्या एका गावात हा रोग होता असं वाचलंय. खरं का?

खरं. रत्नागिरी जिल्ह्यातलं गिमवी. गाडगीळ आणि शहा या डॉक्टरांनी १९५२ मध्ये ते प्रसिद्ध केलं. लघवीतून रक्त जाणारे रुग्ण, आणि लघवीत हिमॅटोबियमसारखी टोकाला काटा असलेली अंडी. पुढे फेरिसिया नावाच्या अगदी चिमुकल्या गोगलगायीवर बोट ठेवलं गेलं. परजीवीशास्त्राच्या पुस्तकांत भारताच्या नावापुढे आजही गिमवी येतं ते यामुळे. पण ती साथ कोकणभर पसरली नाही, घाटावर तर नाहीच. गिमवीचा दाखला देऊन उजनीला भिण्याचं कारण नाही. मात्र ‘भारतात हे शक्यच नाही’ असं छातीठोक सांगणाऱ्याला तो दाखला जरूर द्यावा.

५. तळ्यात म्हशी धुऊन आलं की पोटऱ्यांवर पुरळ येतं, खाज सुटते. हाच का तो?

त्याचा चुलतभाऊ. गाई-म्हशींना, शेळ्या-मेंढ्यांना होणारे याच कुळातले जंत आपल्याकडे आहेत आणि त्यांना लागणाऱ्या गोगलगायी आपल्या तळ्यांत, ओढ्यांत भरपूर आहेत. त्या जंताच्या अळ्या माणसाच्या कातडीतही घुसतात, पण माणूस हे त्यांचं घर नव्हे. कातडीतच मरतात आणि जाता जाता खाज ठेवून जातात. पाणपक्ष्यांच्या जंतांचंही असंच.

पुरळ आठवड्याभरात आपोआप जातं. जितक्या वेळा पुन्हा पाण्यात उतराल तितकी खाज वाढते, कारण शरीर ओळख ठेवतं. पाण्याबाहेर आल्या आल्या पंचाने खसाखसा अंग पुसा, गोगलगायी दिसतात त्या कडेच्या गवताळ पाण्यात उभे राहू नका, खाजवून जखम करू नका. पिकलं तर डॉक्टरकडे जा.

याच कुळातला एक जंत जनावराच्या नाकातल्या शिरांत राहतो. बैल नाक चोंदल्यासारखा घोरायला लागतो, नाकातून शेंबूड, कधी रक्त येतं. असं जनावर गोठ्यात असेल तर पशुवैद्याला दाखवा.

६. आजीच्या घोट्यावर जुना व्रण आहे, ती म्हणते नारू होता. नारू म्हणजे हेच ना?

नाही, आणि हा फरक नीट समजून घेण्यासारखा आहे. नारू *पिण्यातून* होतो. पाण्यातल्या सायक्लॉप्स नावाच्या टिपक्याएवढ्या जीवाच्या पोटात नारूची अळी असते. ते पाणी प्यायलं की वर्षभराने पायाला फोड येऊन हातभर लांब, शेवयीसारखी मादी बाहेर डोकावते. मग ती काडीला गुंडाळत रोज थोडी थोडी ओढायची. घाईने ओढली आणि तुटली तर पाय सुजून माणूस अंथरुणाला खिळायचा. पायऱ्यांच्या विहिरी ही त्याची हक्काची जागा, कारण फोड आलेला पाय त्याच पाण्यात बुडायचा ज्यात कळशी बुडायची.

फडक्याने पाणी गाळणं, पायऱ्यांच्या विहिरी बंद करणं, पाण्यात टेमेफॉस हे सायक्लॉप्स मारणारं औषध टाकणं एवढ्यावर तो हटला. देशातला शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये राजस्थानातल्या जोधपूर जिल्ह्यात सापडला, आणि फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त जाहीर केला. पण नारूवरून घरात रुळलेली ‘गाळून प्या, झालं’ ही शिकवण बिल्हार्झियाला लागू पडत नाही. आफ्रिकेत जाणाऱ्या मुलाला आजी मोठ्या मायेने गाळणीचं फडकं बांधून देते. फडकं न्यावं, पण प्रश्न ७ वाचून न्यावं.

७. तिकडे कुठलं पाणी टाळायचं? कारखान्यात काम म्हटल्यावर पाण्याशी संबंध येणारच.

नदी, तलाव, ओढा, कालवा, पाटचारी: गोडं आणि न प्रक्रिया केलेलं कुठलंही पाणी. मलावी तलाव आणि व्हिक्टोरिया तलाव दिसायला काचेसारखे, पर्यटक खुशाल पोहताना दिसतात, म्हणून माणूस फसतो. पाणी स्वच्छ दिसण्याचा आणि अळी नसण्याचा काही संबंध नाही. समुद्र आणि क्लोरिन घातलेला तरणतलाव चालतो.

ऊसवाल्यांनी जास्त जपायचं ते यासाठी की कालवा आला की संथ पाणी आलं, पाण्याच्या कडेला गवत आलं, गवताला गोगलगायी आल्या. घानात व्होल्टा नदीवर १९६५ मध्ये अकोसोंबो धरण झालं आणि काठच्या गावांत लाल लघवीची मुलं वाढली. इथिओपियातल्या वोंजीच्या ऊसमळ्यांत मॅन्सोनाय जुना पाहुणा आहे. आपल्याकडे पाटाचं पाणी म्हणजे लक्ष्मी; तिकडे त्याच पाटात अनवाणी उतरू नका. कामासाठी उतरावंच लागलं तर मांडीपर्यंतचे गमबूट आणि रबरी हातमोजे घाला.

आंघोळीचं काय? कॉलनीतलं पाणी थेट तलावातून येत असेल तर मिनिटभर खळखळून उकळून कोमट झाल्यावर वापरा. तेवढं इंधन नसेल तर झाकलेल्या टाकीत दोन दिवस साठवून मग घ्या, अळ्या तोवर मरतात. टाकीत रोज नवं पाणी सोडलंत तर मात्र हा हिशेब चुकला. ‘पहाटे पाण्यात उतरलं तर काही होत नाही’ हे तिथले जुने मुकादम सांगतात. दुपारी अळ्या जास्त असतात एवढंच त्यात खरं आहे.

लस नाही. आधी घेऊन ठेवायची गोळीही नाही.

८. पाय घसरून कालव्यात पडलो, दोन मिनिटांत बाहेर आलो. आता?

लगेच कोरड्या टॉवेलने जोर लावून अंग पुसा, ओले कपडे बदला. त्याने धोका थोडा कमी होऊ शकतो, जात नाही. तारीख आणि जागा डायरीत लिहून ठेवा. ही सल्ल्यातली सगळ्यात कंटाळवाणी ओळ आहे आणि सगळ्यात उपयोगी, का ते प्रश्न १० मध्ये कळेल. त्याच दिवशी गोळी खाऊन काही मिळत नाही. कारण प्रश्न ११ मध्ये.

९. लक्षणं काय असतात? किती दिवसांत?

पहिल्या एक-दोन दिवसांत खाज-पुरळ, तेही सगळ्यांना नाही. मग शांतता. साधारण महिना-दोन महिन्यांनी काहींना ताप, कोरडा खोकला, अंगावर पित्तासारख्या गांधी, जुलाब. याला जपानमधल्या एका जागेवरून कातायामा ताप म्हणतात. आपल्याकडे त्याला आधी मलेरिया ठरवतात, मग टायफॉइड. रक्तात इओसिनोफिल (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) वाढलेले दिसतात आणि ‘ॲलर्जी असेल’ म्हणून रिपोर्ट फाइलला लागतो.

पुढे महिन्यांनी, वर्षांनी जातीप्रमाणे त्रास. हिमॅटोबियम असेल तर लघवीच्या शेवटच्या थेंबांत रक्त, जळजळ. वर्षानुवर्षं दुर्लक्ष झालं तर मूत्राशयाचा कर्करोगसुद्धा. मॅन्सोनाय असेल तर पोटदुखी, शौचात रक्त, यकृत-प्लीहा वाढणं. क्वचित अंडी मज्जारज्जूपाशी पोचतात आणि पायांतली ताकद जाऊ लागते. तेव्हा एक दिवसही थांबू नका.

एक प्रसंग सांगते. मलावीहून परतलेला एक पॅनमन, पस्तिशीचा. लघवीत रक्त. सोलापूरचं ऊन, त्यामुळे लाल लघवी म्हणजे मुतखडा हे आपल्याकडे शेजारीणसुद्धा सांगते. त्यानेही आठ महिने कुळथाचं कढण प्यायलं, पानफुटीची पानं चावली, दोन ठिकाणी दाखवलं. सोनोग्राफीत खडा काही दिसेना, मूत्राशयाची भिंत जाड दिसे. माझ्याकडे तो साध्या लघवी-तपासणीला आला होता. पैसे देताना पाकिटातून एक अनोळखी नोट डोकावली. विचारलं, कुठली ही? म्हणाला, क्वाचा, मलावीची, आठवण म्हणून ठेवलीय. मग विचारलं, तिकडे पोहायचात का? म्हणाला, रोज, तलावात, ड्यूटी सुटली की.

दुसऱ्या दिवशी दुपारी बोलावलं, जिने चढायला-उतरायला लावले, नमुना घेऊन सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवला. तळाचा गाळ काचेवर घेतला आणि दहाच्या भिंगाखाली दिसलं: फिकट पिवळं, लांबोडकं अंडं, एका टोकाला बाभळीच्या काट्यासारखं टोचरं टोक. आतली अळी हलत होती. पुस्तकातल्या चित्राबाहेर ते मी पहिल्यांदाच पाहत होते. आठ महिन्यांत त्याला ‘कुठं होतात?’ असं कोणीच विचारलं नव्हतं. आणि त्यानेही आपण होऊन सांगितलं नव्हतं, कारण पोहण्याचा आणि मुतखड्याचा संबंध काय?

१०. कोणती तपासणी, आणि कधी?

पाण्याचा संबंध आल्यानंतर साधारण दोन-तीन महिन्यांनी. त्याआधी जंत वयात आलेले नसतात, अंडी सापडत नाहीत, रक्तात जंताविरुद्धच्या अँटिबॉडीही (शरीराने लढायला बनवलेली प्रथिनं) बनलेल्या नसतात. घाईत केलेला निगेटिव्ह रिपोर्ट खोटा दिलासा देतो. तारीख लिहून ठेवा म्हटलं ते यासाठी.

लघवीचा नमुना दुपारी, दहा ते दोनच्या दरम्यान द्या. आपल्याला ‘सकाळची पहिली’ द्यायची सवय. इथे उलटं आहे, या जंताची अंडी मध्यान्हीला जास्त उतरतात. नमुन्याआधी थोडं चाला, जिना चढा, आणि लघवीचा शेवटचा भाग बाटलीत घ्या. मॅन्सोनायसाठी शौच, तेही वेगवेगळ्या दिवसांचे दोन-तीन नमुने. चिठ्ठीवर नुसतं ‘रुटीन’ लिहिलेलं असेल तर लॅबवाल्याला तोंडी सांगा की आफ्रिकेतून आलोय, शिस्टोसोमाची अंडी बघा. आम्ही जे शोधायला सांगितलेलं नसतं ते दिवसाच्या साठाव्या नमुन्यात आमच्या नजरेतून सुटू शकतं. खोटं कशाला बोलू?

११. दर सहा महिन्यांनी अल्बेंडाझोल, पोटातल्या जंतांची गोळी, घेतो. पुरेसं ना?

नाही, त्याने हा जंत मरत नाही. औषध प्राझिक्वांटेल, साधारण किलोमागे ४० मिलिग्रॅम, बहुधा एकाच दिवशी. म्हणजे साठ किलोच्या माणसाला ६०० मिलिग्रॅमच्या चार गोळ्या. जपोनिकमला डोस जास्त. जेवणाबरोबर, न चावता घ्यायची, चव कडूजहर आहे. पण ही गोळी कोवळ्या जंतांना मारत नाही. म्हणून लवकर घेतली तर फुकट जाते, आणि बऱ्याचदा डॉक्टर चार-सहा आठवड्यांनी दुसरा डोस देतात.

दुकानातून स्वतःच आणून घेऊ नका, असं मी शिष्टाचार म्हणून म्हणत नाही. आपल्या भागात फिट येणाऱ्या काही रुग्णांच्या मेंदूत टेपवर्मचे कोष असतात, आणि प्राझिक्वांटेलने त्या कोषांभोवती सूज येऊन जीवावर बेतू शकतं. दुसरं, टीबीच्या कोर्समधलं रिफाम्पिसिन या गोळीला रक्तात टिकूच देत नाही. फिटची काही औषधंही तिचा जोर कमी करतात. कधी फिट आली होती का, टीबीचं औषध चालू आहे का, हे दोन्ही डॉक्टरांना न विचारता सांगा. पहिले तीन महिने सोडले तर गरोदरपणातही ही गोळी देता येते, पण तो निर्णय स्त्रीरोगतज्ज्ञांचा.

१२. ते परत आलेत. मला, मुलांना लागेल का? एकच संडास आहे.

नाही. एकाच ताटात जेवलात, एकत्र झोपलात, तरी लागत नाही. प्रश्न २ मधला गोगलगायीचा टप्पा मध्ये आल्याशिवाय हा जंत माणसाकडून माणसाकडे जाऊच शकत नाही. शरीरातही त्याची संख्या आपोआप वाढत नाही. जेवढे शिरले तेवढेच. तुम्हीही तिकडे जाऊन राहिला असाल तर गोष्ट वेगळी: तुमचीही तपासणी हवी. बायकांमध्ये अंडी गर्भाशयमुखाशी अडकून अंगावरून रक्त जाणं, संबंधाच्या वेळी दुखणं असा त्रास होतो आणि तो लाजेने लपवला जातो. पुरुषांत वीर्यात रक्त दिसू शकतं.

१३. तिकडून आलेल्या माणसामुळे इथल्या तळ्यात रोग बसणार नाही कशावरून?

प्रश्न चांगला आहे. फ्रान्सच्या कॉर्सिका बेटावर हेच झालं. तिथल्या कावू नदीत डुंबलेल्या, आफ्रिका कधी न पाहिलेल्या लोकांना हा रोग झाल्याचं २०१४ मध्ये उघड झालं. पण तिथे बुलिनस गोगलगाय आधीपासून होती, फक्त जंत यायचा बाकी होता. आपल्याकडे ती नाही. तरीही उपचार पूर्ण होईपर्यंत परतलेल्या माणसाने ओढ्याकाठी, तळ्याकाठी लघवी-शौचाला बसू नये. गिमवीत (प्रश्न ४) आफ्रिकेतली गोगलगाय नव्हती, तरी रोग होता.

१४. मी फौजेतून निवृत्त. अकरा वर्षांपूर्वी काँगोत होतो, नदीत आंघोळ केली होती. काही त्रास नाही. आता तपासून काय फायदा?

आहे. जंत किती जगतो ते प्रश्न १ मध्ये वाचलंत, आणि त्रास नसणं म्हणजे जंत नसणं नव्हे. एकदा रक्तातल्या अँटिबॉडी, लघवी-शौच आणि इओसिनोफिल करून घ्या. अँटिबॉडी पॉझिटिव्ह आली आणि पूर्वी कधी उपचार झालेले नसतील, तर अंडी दिसली नाहीत तरी डॉक्टर बहुधा गोळी देतात. आणि एकदा गोळी झाली की अँटिबॉडीची तपासणी पुन्हा पुन्हा करू नका. जंत मेल्यावरही ती कित्येक वर्षं पॉझिटिव्ह येत राहते. त्या कागदाला घाबरून तिसऱ्यांदा गोळ्या घेतलेले एक सुभेदारसाहेब माझ्या ओळखीचे आहेत.